बंदरावर अडवलेली चरबी

टोंगामध्ये रविवारी दुकानं बंद असतात. देशाच्या घटनेतच रविवार पाळायला सांगितला आहे. त्यामुळे सकाळी चर्चला निघण्याआधी घरोघरी परसातल्या खड्ड्यात दगड तापवून त्यावर दुपारचं जेवण लावून ठेवतात. या जमिनीतल्या भट्टीला तिथं 'उमू' म्हणतात. त्यात हमखास असतो तो 'लू': अळूची पानं एकावर एक पसरायची, त्यात कांदा, मांसाचे तुकडे आणि नारळाचं घट्ट दूध घालायचं, पुरचुंडी बांधायची आणि उमूत ठेवून द्यायची. अळू आणि नारळाचं दूध! कोकणातल्या माणसाला प्रशांत महासागराच्या मध्यावरही परकं वाटू नये असं हे खाणं आहे.

त्यातलं मांस मात्र त्या बेटाचं नाही. ते बहुतेकदा 'सिपी' असतं. हा शब्द इंग्रजी 'शीप'वरूनच आलाय. सिपी म्हणजे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातून गोठवलेल्या खोक्यांतून येणारा मेंढीच्या पोटाकडचा भाग. आपण मटणवाल्याला 'रान द्या, चाप द्या, चरबी कमी टाका' असं सांगतो ना, तर सांगून बाजूला काढायला लावतो तसाच हा पट्टा. बरगड्यांची टोकं, पातळसं मांस आणि बाकी चरबी. वजनात जवळजवळ निम्मी. पिकतो तिथं त्याला फारसं गिऱ्हाईक नाही, म्हणून तो स्वस्त, आणि स्वस्त म्हणून तो बेटांवर.

जगातल्या सर्वाधिक लठ्ठ देशांची यादी काढली की वरचे बरेच क्रमांक अशाच बेटांचे असतात: नाउरू, कुक बेटं, पलाऊ, मार्शल बेटं, तुवालू, टोंगा, सामोआ. लठ्ठपणा मोजायची नेहमीची रीत म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. उत्तर ३० किंवा त्याहून जास्त आलं तर लठ्ठ. म्हणजे उंची १७० सेंटिमीटर असेल तर साधारण ८७ किलोंपासून पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या अंदाजानुसार नाउरूत दर शंभर प्रौढांमागे ६१ जण या रेषेच्या वर होते. भारतात तेव्हा चार. (म्हणून आपण खूश व्हायचं कारण नाही. आपल्या अंगाला मधुमेह बऱ्याच कमी वजनावर गाठतो, त्यामुळे आपल्याकडचे डॉक्टर ही रेषा २५वरच ओढतात.)

आता पटकन येणारं उत्तर असतं, 'त्यांचा बांधाच तसा' किंवा 'त्यांच्यात जाडेपणाला मान आहे'. दोन्हींत थोडं तथ्य आहे. सामोअन लोकांत वजन वाढवणारा एक जनुकीय फरक २०१६मध्ये सापडला. गंमत म्हणजे तो असलेल्यांना मधुमेहाचा धोका उलट कमी दिसला. पण जनुकं पन्नास-साठ वर्षांत बदलत नाहीत. बदललं ते जहाजातून काय येतं ते. नाउरूचंच बघा. एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढं. फॉस्फेटच्या खतासाठी त्याचा मधला सगळा भाग खणून काढला गेला. तिथं आता चुनखडीचे सुळके उभे आहेत, शेती करायला जागा उरलेली नाही. पैसा आला तेव्हा तांदूळ, साखर, डबाबंद मांस बोटीनं यायला लागलं. पैसा संपला तेव्हाही ते येतच राहिलं, कारण खायला दुसरं काही नव्हतं.

लोकांना समजावून पाहिलं नाही असंही नाही. टोंगाचे राजे चौथे टाउफाआहाऊ टुपोऊ यांचं वजन १९७६मध्ये २०९.५ किलो भरलं होतं आणि जगातला सर्वांत वजनदार राजा म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद झाली होती. नव्वदच्या दशकात त्यांनीच देशभर व्यायामाची मोहीम काढली, स्वतः सायकल चालवली, आणि बरंच वजन उतरवूनही दाखवलं. देशाचं वजन काही त्यांच्यामागून उतरलं नाही. राजाच्या ताटात काय वाढायचं हे ठरवायला माणसं असतात. बाकीच्यांच्या ताटात काय पडणार ते दुकानातला भाव ठरवतो.

तेव्हा प्रश्न येतो सरकारचा. आणि इथं छोट्या बेटाची एक सोय असते जी आपल्यासारख्या देशाला नाही. आपल्याकडे वड्याच्या तेलावर नियम करायचा तर लाखो गाड्यांवर माणूस पाठवावा लागेल. बेटावर सगळं एका बंदरातून उतरतं. धक्क्यावर एक जकात अधिकारी कागद घेऊन उभा केला की देशात काय येतंय, किती येतंय, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जातं. आरोग्यमंत्र्याला हवी असलेली सगळी ताकद त्या धक्क्यावर आहे. फक्त धक्क्यावरचे नियम त्याचे एकट्याचे नसतात. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण सामोआचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टर्की हा अमेरिकेतला कोंबडीसारखा पण चांगला धिप्पाड पक्षी. त्याच्या शेपटाच्या मुळाशी, जिथं पिसांना लावायचं तेल साठवणारी ग्रंथी असते, तिथं एक चरबीचा गोळा असतो. अमेरिकेत तो कापून बाजूला काढतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या कोंबडी-टर्की उद्योगाला या तुकड्यासाठी गिऱ्हाईक सापडलं ते प्रशांत महासागरातल्या बेटांवर. सामोआत त्याला 'मुली पिपी' म्हणतात. आपल्या 'मुली'शी काही संबंध नाही, तिथं 'मुली' म्हणजे पार्श्वभाग. निखाऱ्यावर भाजला की चरबी ठिबकते, कड कुरकुरीत होते, आणि खाणारे सांगतात की तसली चव दुसऱ्या कशाला नाही. माझा त्यावर विश्वास आहे. चरबीला चव असतेच, भांडण चवीशी नाही.

२००७मध्ये सामोआनं या शेपटांच्या आयातीवर सरळ बंदी घातली. दुकानांतून ती गेली. पण सामोआनं १९९८पासून जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यत्वासाठी अर्ज करून ठेवला होता. या संघटनेत नवा सदस्य घ्यायचा तर जुन्या सदस्यांशी बोलणी करून त्यांच्या अटी मान्य कराव्या लागतात. बंदीवर बोट ठेवलं गेलं. शेवटी १० मे २०१२ रोजी सामोआ सदस्य झाला तो या कबुलीवर: बारा महिन्यांत आयातबंदी उठवायची. तिच्या जागी दोन वर्षं ३०० टक्के आयात शुल्क लावता येईल, तेवढा काळ देशातली विक्रीही रोखून धरता येईल, आणि त्यानंतर शुल्क १०० टक्क्यांवर आणायचं.

हे वाचून 'बघा, बड्या देशांनी छोट्याच्या घशात चरबी कोंबली' असं म्हणावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण समोरच्याचा युक्तिवाद काय होता तेही समजून घ्यायला हवं. सोसायटीचं उदाहरण घेऊ. 'इमारतीत कुत्रा पाळायचा नाही' असा ठराव झाला तर कुणी कुरकुरेल, पण नियम सगळ्यांना सारखा आहे. 'भाडेकरूंनी कुत्रा पाळायचा नाही' असा ठराव केला तर भाडेकरू भांडणार, आणि त्यांचं बरोबर असणार. व्यापार संघटनेचा मूळ नियम हाच आहे: देशी आणि परदेशी मालाला वेगळी वागणूक नको, आणि आयातीवर सरसकट बंदी तर नकोच. सामोआची अडचण अशी की तिथं टर्की होतच नाही. इमारतीत कुत्रे फक्त भाडेकरूंकडेच आहेत! मग नियम कसाही लिहा, तो भाडेकरूंविरुद्धच दिसणार. शिवाय दुसरा प्रश्न होताच: चरबी वाईट म्हणता, तर एकट्या टर्कीचं शेपूटच का? मेंढीचं पोट चालतं ते कसं? यावर उत्तर देणं अवघड होतं.

आरोग्यासाठी अपवाद आहे, नाही असं नाही. पण तो मागणाऱ्याला सिद्ध करावं लागतं की हा उपाय गरजेचा आहे आणि व्यापाराला कमी त्रास देणारा दुसरा मार्ग नव्हता. त्यासाठी व्यापार कायद्याचे वकील लागतात, वर्षानुवर्षं चालणारा खटला लढायची तयारी लागते. दोन लाख वस्तीच्या देशाकडे ते असणार कुठून? आणि जो अजून दाराबाहेर उभा आहे, त्यानं भांडायचं तरी कुणाच्या जोरावर?

फिजीनं त्याआधी हाच पेच वेगळ्या अंगानं सोडवला होता. २०००मध्ये त्यांनी मेंढीच्या पोटाचे हे पट्टे आणण्यावर बंदी घातली नाही, *विकण्यावर* घातली. कुठूनही आलेले असोत, फिजीतल्या मेंढीचे असले तरी. आणि तीही ग्राहकांच्या हिताच्या, व्यापारातल्या गैरप्रकारांच्या कायद्याखाली. थोडक्यात, नियम पूर्ण सोसायटीला. न्यूझीलंडनं नाराजी दाखवली, प्रकरण व्यापार संघटनेकडे न्यायची भाषा झाली, पण ते तिथपर्यंत गेलं नाही. फिजी १९९६पासून त्या संघटनेचा सदस्य होता हाही फरक लक्षात घ्या. तो आत बसून नियम करत होता. सामोआला आपला नियम दाराबाहेरून टिकवायचा होता. कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यानं 'आयात'ऐवजी 'विक्री' हा एक शब्द घातला, तर निकाल किती बदलतो ते इथं दिसतं.

बंदीपेक्षा कर टिकाऊ, हे त्यानंतर बहुतेकांच्या लक्षात आलं. नाउरूनं २००७मध्ये साखर, गोळ्या-चॉकलेटं आणि गोड पेयांवर ३० टक्के आयात कर बसवला. त्याच वेळी बाटलीबंद पाण्यावरचा कर काढून टाकला. हे दुसरं पाऊल मला जास्त शहाणपणाचं वाटतं. नाउरूत नदी नाही, पाणी पावसाचं किंवा समुद्राचं खारं काढून केलेलं. तिथं कोलाची बाटली महाग करून पाणीही महागच ठेवलं तर माणसानं प्यायचं काय? टोंगानंही २०१३मध्ये गोड पेयांवर कर लावला तेव्हा बाहेरून येणाऱ्या माशांवरचं शुल्क उतरवलं, आणि २०१६मध्ये सिपी, टर्कीची शेपटं, इन्स्टंट नूडल्स यांच्यावर कर चढवला. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशाला मासा स्वस्त करण्यासाठी आयात शुल्क कमी करावं लागतं, यावरून कुठवर मजल गेली आहे त्याचा अंदाज यावा.

पण कर कसा लावता यावर सगळं अवलंबून असतं. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोसनं सप्टेंबर २०१५पासून गोड पेयांच्या किमतीवर १० टक्के कर लावला. पहिल्या वर्षाचा दुकानांतला हिशेब संशोधकांनी मांडला तेव्हा गोड पेयांची विक्री अपेक्षेपेक्षा ४.३ टक्के घटलेली दिसली, बाटलीबंद पाण्याची ७.५ टक्के वाढलेली. वाईट नाही. मात्र त्याच आकड्यांत एक पळवाटही दिसली: काही गिऱ्हाइकं महाग पेय सोडून पाण्याकडे वळलीच नाहीत, स्वस्त गोड पेयाकडे वळली. कारण उघड आहे. कर किमतीवर आहे. दोन डॉलरच्या बाटलीवर वीस सेंट कर, एक डॉलरच्या बाटलीवर दहा सेंट. साखर दोन्हींत सारखीच, उलट स्वस्तातल्या बाटलीवर कर कमी. लोकांनी हिशेब बरोबर केला, चूक हिशेब लावणाऱ्याची होती. (पुढे २०२२मध्ये बार्बाडोसनं दर २० टक्क्यांवर नेला, पण रीत तीच ठेवली. आपल्याकडचा कोल्ड्रिंकवरचा कर याहून भाबडा: बाटलीत साखर किती, हे तो विचारतच नाही. बिनसाखरेच्या 'डाएट' बाटलीलाही तोच दर.)

मॉरिशसनं हे नीट केलं. तिथं गोड पेयांवर कर आहे तो साखरेच्या ग्रॅमवर. सुरुवातीला ग्रॅममागे दोन-तीन सेंट होता, पुढे २०२०मध्ये सहा झाला. ३३० मिलीच्या कोलाच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर धरली तर सहा सेंटांनी त्या डब्यावर दोन रुपये दहा सेंट झाले, मॉरिशसचे रुपये. यात गंमत अशी की कंपनीनं साखर वीस ग्रॅमवर आणली तर याच दरानं कर आपोआप एक रुपया वीस सेंट होतो. म्हणजे गिऱ्हाइकानं सवय बदलायची वाट बघायची नाही, कारखान्यातच कृती बदलायचं कारण निर्माण करायचं.

आणि हे कोण करतंय? मॉरिशस, ज्याची ओळखच मुळी साखर आहे. १८३४पासून हिंदुस्थानातले करारानं बांधलेले गिरमिटिये मजूर याच उसासाठी नेले गेले. मुंबईहून सुटलेल्या जहाजांत रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडची आपली माणसंही होती. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या पायऱ्यांवरून ती उतरली तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे, आणि त्यांचे वंशज तिथं अजून गणपती बसवतात, मराठी शिकवतात. ऊस लावायला नेलेल्यांच्या पणतवंडांवर साखरेसाठी कर बसावा, हे वर्तुळ त्या पायऱ्यांपासूनच सुरू झालेलं.

मॉरिशसची खरी गोष्ट मात्र साखरेची नाही, तेलाची आहे. ती मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

रेशनवर पामतेल मिळायचं ते दिवस आठवत असतील त्यांना आठवेल: डिसेंबर-जानेवारीत सकाळी डबा उघडला की वरून तेल थिजलेलं असायचं, चमच्यानं खरवडून कढईत टाकावं लागायचं. ते थिजणं म्हणजेच संपृक्त चरबी. जे तेल गारठ्यात घट्ट होतं त्यात ही चरबी जास्त, आणि तीच रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. सोयाबीनचं तेल त्याच गारठ्यात पातळ राहतं. यात चढवून सांगण्यासारखं काही नाही, स्वयंपाकघरात उभं राहून दिसतं.

मॉरिशसमध्येही असंच सवलतीच्या दरातलं रेशनचं तेल घरोघरी वापरात होतं, मुख्यतः पामतेल. १९८७मध्ये सरकारनं काय केलं, तर त्या तेलाची घडणच बदलून टाकली. पामतेल काढून सोयाबीन. नाव तेच, दुकान तेच, डबा तोच. कुणालाही 'कमी तेलकट खा' असं सांगितलं नाही. सोबत सिगारेट, रक्तदाब, व्यायाम यांच्याबद्दलचा प्रचारही चालू होता. पाच वर्षांनी, १९९२मध्ये, पुन्हा लोकांचं रक्त तपासलं. सरासरी कोलेस्टेरॉल आपल्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरच्या मापात २१३च्या आसपास होतं ते १८२च्या आसपास आलं. तीस अंकांची घट, आणि ती कुण्या एका रुग्णाची नव्हे, सगळ्या समाजाच्या सरासरीची! संशोधकांच्या हिशेबानं पुरुषांतल्या घटीचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा आणि स्त्रियांतल्या घटीचा सुमारे ४० टक्के वाटा नुसत्या खाण्यातली चरबी बदलल्याचा होता.

आपल्याकडे रेशनमधून तेल वाटायचा प्रसंग अलीकडेही आला होता. २०२२च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनानं शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्या पिशवीत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर तेल होतं. तेल पामचं होतं.

मॉरिशसच्या त्या पाहणीतला दुसरा अर्धा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. कोलेस्टेरॉल उतरलं, रक्तदाब थोडा उतरला, सिगारेटी कमी झाल्या. पण त्याच पाच वर्षांत जाड माणसांचं प्रमाण वाढलं, आणि मधुमेह होता तिथंच राहिला. लोकांनी नियम धुडकावला असं झालं नाही. तेल पामचं असो की सोयाबीनचं, एका चमच्यातल्या कॅलरी त्याच. सरकारनं चरबीची जात बदलली होती, माप बदललं नव्हतं. आणि त्याच वर्षांत देश उसाच्या मळ्यातून उठून कपड्यांच्या कारखान्यात बसत होता, अगदी शब्दशः बसत होता. शिलाई मशीनपुढे दिवसभर. घाम गाळणं कमी झालं, हातात पगार जास्त आला. या बदलाला कुठल्या धक्क्यावर अडवणार?

एका कायद्यानं बेटाचा लठ्ठपणा उतरला, असं उदाहरण द्यायला माझ्याकडे नाही. शेपटांची बंदी, ग्रॅमवरचा कर, पाण्यावरची सूट, बदललेलं तेल, यातल्या प्रत्येकानं त्याच्या त्याच्या जागी काम केलं आणि तेवढंच केलं.

पोर्ट लुईत दुपारी गाडीवर डाळपुरीला रांग लागते. भिजवून शिजवून वाटलेली पिवळी डाळ भरलेली, पातळ, मऊ, बिनगुळाच्या पुरणपोळीसारखी. तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचा रूगाय नावाचा रस्सा आणि लोणचं घालून कागदात गुंडाळून देतात. तव्यावरचं तेल १९८७नंतर बदललं. डाळपुरी मात्र अजूनही एक मागितली तर जोडीच मिळते.